उकडलेलं अंडं

ओदुरच्या पाठीमागून कुणी जायचं नाही, हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. लांबून हाक मारायची, त्यानं वळून बघितलं की मगच पाऊल उचलायचं. अकराव्या वर्षी बंडखोरांनी त्याला शाळेतून उचललं, रानात नेलं, हातात बंदूक दिली. सोळाव्या वर्षी तो पळून आला. आता तिशी उलटली होती. बायको लायेत, चार वर्षांची अबेर, तिळाचं एक वावर. गडी कामाला वाघ, पण झोपेतनं उठवायचा तर लांब काठीनंच.

त्या सकाळी तो वाकून तीळ कापत होता. अबेर दबकत मागून आली आणि तिनं त्याच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"वळख कोण?"

पुढचं त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा पोर उताणी पडली होती, त्याचा गुडघा तिच्या छातीवर आणि विळा कानाशेजारी मातीत रुतलेला. पोर रडत नव्हती. रानात धरून आणलेली पोरं अशीच गप पडायची.

लायेतनं धावत येऊन विळा हिसकावला, पोरीला काखोटीला मारलं आणि घरची वाट धरली. तो दहा पावलं मागं राहून चालला. हे हात आपलेच का आणखी कुणाचे, याचंच त्याला भ्या वाटलं. बांधावर बसून तो ओकला.

घरी लायेत गाठोडं बांधायला लागली. शेजारच्या अंगणातून ओदुरची आत्या, म्हातारी आबालो, सूप घेऊन आली.

"कुठं निघालीस गं, तीळ उभा टाकून?"

"म्हायेरी. तीळ तुमीच कापा. आज इळा दोन बोटं चुकला, आत्याबाई. उद्या चुकंलच असं न्हाई."

म्हातारी सूप टाकून मटकन खाली बसली.

"माझी चूक हाय ही," ती म्हणाली. "रानातनं आलेल्यानं कच्चं अंडं तुडवून घरात यायचं, म्हंजी मेलेल्यांची भुतं भाईर ऱ्हात्यात. हा आला तवा समदं गाव लढाईपायी छावणीत, घरात चार पोरं उपाशी व्हती. अंडं एकच. मी ते आदीच उकडून ठिवलं. वाया नगं जायला."

"आन मग?" ओदुरनं विचारलं.

"तू तुडवलंस. मी धुतलं. पोरांनी खाल्लं."

लायेतला रडता रडता हसू फुटलं. "सा वर्सं मी उकडलेल्या नवऱ्यासंगं नांदले म्हना की!"

म्हातारीनं खुराड्यातनं ताजं अंडं आणलं, दारात ओपोबो झुडपाच्या ओल्या फांदीच्या बेचक्यात ठेवलं. पलीकडं अंगणातल्या खांबांवरच्या कणगीचं झाकण उचलायची काठी आडवी टाकली.

"ये. तुडव."

ओदुरचा पाय उचलेना. इतकी वर्षं का असं होतं ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं, आणि कच्च्या अंड्यानंही काही झालं नाही तर पुढं कुठं जायचं?

"आत्ये, ह्यानंबी न्हाई ग्येलं तर?"

"तर एक अंडं ग्येलं. तुडव, मुडद्या!"

कवच फुटलं, गार बुळबुळीत बलक बोटांत शिरला. काठी ओलांडून तो आत आला. अंगातनं काहीतरी निघून जाईल म्हणून उभा राहिला. काळीज तसंच धडधडत होतं. आईच्या गुडघ्याआडून पोरगी त्याच्याकडं बघत होती.

"काय वाटतंय?" लायेतनं विचारलं.

बरं वाटतंय म्हटलं तर ती राहील, हे त्याला दिसत होतं.

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. "तसंच."

लायेतनं गाठोडं खाली ठेवलं.

"तीळ निघंस्तवर ऱ्हाते. पोर माझ्याजवळ निजंल, दाराला आतनं आडणा. तुमी भाईर, कणगीखाली."

ओदुरनंच जाडजूड लाकडाचा आडणा शोधून तिच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला.

"लाव."

आत लाकूड बसल्याचा आवाज झाला. मग त्यानं खांदा लावून सगळ्या ताकदीनं दार ढकललं. एकदा, दोनदा. दार हललं नाही. तरी त्यानं आणखी एकदा ढकललं.