आमच्या तांदळावर

आत्या गेली आणि तिचं मनमाडचं दोन खोल्यांचं घर मला मिळालं. तिला मूलबाळ नव्हतं. नर्सची नोकरी करत तिने ते बांधलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशकात पालिकेच्या शाळेत मी शिकवत होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घर विकलं तेव्हा आमच्या यांनी लगेच सल्ला दिला, "बँकेत टाक. व्याजावर बसून खाऊ."

हे कारखान्यात फिटर होते. नुकतेच निवृत्त झाले होते आणि बसण्यात इतके तरबेज झाले होते की मला धडकीच भरली. आत्याने सगळा जन्म वॉर्डात उभं राहून काढला. तिच्या पैशावर मी बसून खाणार नव्हते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. मालक मुलाकडे सुरतेला निघाला होता, त्याला ती विकायची होती. मी घ्यायचं ठरवून टाकलं.

"मास्तरीणबाई गिरणी चालवणार?" हे हसले.

"मी नाही, तुम्ही चालवणार. मी शाळा सुटली की येईन."

गिरणीच का, ते सांगायला हवं. आत्या लहानपणी गावच्या गिरणीत दळण घेऊन जायची. तिला डबा ओट्याखाली ठेवावा लागायचा. गावाचं सगळं दळून झालं की शेवटी आमचं. आधीच्याचं थोडं पीठ दगडांत राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. आमचं कुणाच्या डब्यात उतरू नये म्हणून आम्ही शेवटी. पुढे आम्ही बौद्ध झालो, आत्या शिकली, नोकरीला लागली. पण त्या ओट्याखालचं सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज चढायचा. घराबरोबर तो रागही माझ्या वाट्याला आला.

गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून घेतली, नवा पट्टा बसवला आणि समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. "जरा दिवस जाऊ दे, मग लाव," असं हे म्हणाले. मी ऐकलं नाही.

जवळच्या बौद्ध वसाहतीतली आमची माणसं आली. बांधकामावर काम करणाऱ्या सुरगाण्याकडच्या बायका नागली घेऊन आल्या. गल्लीतले डबे मात्र सायकलच्या कॅरियरवर बसून आमच्या दारावरून पुढच्या चौकातल्या गिरणीकडे जायचे. जाताना "नमस्कार, बाई" असायचंच. हे दिवसभर मशीन पुसत बसायचे. आत्याचे पैसे बुडतील ही भीती होतीच. पण तिच्याच पैशाने आपण आपला डबा पुन्हा ओट्याखाली नेऊन ठेवला की काय, या विचाराने मला जास्त त्रास व्हायचा.

दिवाळीच्या तोंडावर समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. इतके दिवस त्यांचाही डबा दारावरूनच जायचा. डबा कमरेवर घट्ट धरून त्या दारातच थांबल्या. चकलीची भाजणी होती.

"बाई, आत्ता कुणाचं दळलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आमचं. आमच्या घरचे तांदूळ. चालेल ना तुम्हाला?"

यांनी कारण नसताना पट्टा तपासायला घेतला.

"तांदूळ?" वहिनींचा चेहरा एकदम खुलला. "मग टाका लवकर, दुसरं कुणी यायच्या आत. तिकडे मेल्याने गेल्या वर्षी बाजरीवर दळली. काळ्याकुट्ट चकल्या! पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटली मला."

मी भाजणी वरून ओतली. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्या प्रश्नात दुसरं काही ऐकू यायला आम्हाला गावाने शिकवलं होतं. आमच्या तांदळाचं उरलंसुरलं पीठ त्यांच्या डब्यात उतरताना मी बघत राहिले. त्याही बघत होत्या, आणि चिमटीत पीठ घेऊन "मस्त" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताटलीभर चकल्या आल्या. यांनी एकट्याने निम्म्या संपवल्या. दिवाळीनंतर गल्लीतले डबे हळूहळू आमच्याकडे वळले. दोन घरं कधीच वळली नाहीत. त्यांच्यावर मी राग धरला आणि तो सोडायची मला घाई नव्हती.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल आणि नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा रिकामं रिकामं वाटत होतं, तरी यांच्याबरोबर गिरणी उघडायला गेले. ओट्यावर वहिनी बसल्या होत्या, शेजारी थालीपिठाच्या भाजणीचा डबा. गल्लीतल्या आणखी काही जणीही आल्या होत्या.

"या, तुमचंच आधी घेते," मी म्हटलं.

"छे, छे. तुमचे तांदूळ झाले का?"

"अजून नाही."

"मग आधी तुमचे होऊ द्या. मी थांबते. माझं तुमच्यावरच टाका."

मी घरी जाऊन तांदळाचा डबा आणला. सगळ्यांनी आपापले डबे मागे सरकवले आणि आमचा पुढे घेतला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आत्या त्या वेळी तिथे हवी होती.