शिक्का माझा, घड्या सरांच्या

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं घर बौद्ध, वडील शाळेत मास्तर. शेजारच्या बाईच्या अंगात आलं की वडील आईला चहा टाकायला सांगायचे… “ओरडून ओरडून घसा सुकला असेल तिचा.” असल्या घरात वाढलेला मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय. पण सहा-सात महिने झाले, डोक्यातून जात नाही.

मी सूसला राहतो. धंदा जरा विचित्र आहे — पॅराशूट पॅक करतो. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या रिगमध्ये दोन पॅराशूट असतात. एक मेन, आणि ते दगा देईल तेव्हासाठी दुसरं, रिझर्व्ह. मेन ज्याचं त्याने पॅक करायचं. रिझर्व्हला मात्र लायसन्सवाला माणूस लागतो. पॅक झालं की त्यावर बारीक लाल दोरा बांधून शिशाचा शिक्का मारायचा, शिक्क्यावर त्या माणसाची खूण. दोरा तोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही.

हे काम मला कर्णिक सरांनी शिकवलं. (नाव बदललंय.) साध्या माणसाने हौसेखातर विमानातून उडी मारायची, हे आपल्याकडे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं तेव्हा सरांनी ते सुरू केलं. फौजेतून बाहेर पडले आणि परवानग्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. प्रत्येक साहेब एकच विचारायचा, माणूस मेला तर जबाबदार कोण? सर म्हणायचे, “मी.” पुढे मुठा गावात त्यांनी भातखाचरांना लागून पत्र्याची शेड बांधली. आत एक लांबलचक टेबल. देशभरातून रिझर्व्ह तिथे पॅकिंगला यायची.

सर डावखुरे होते. पॅराशूटच्या दोऱ्यांच्या घड्या ते उजवीकडून सुरू करून डावीकडे न्यायचे. आम्ही बाकीचे सगळे उलट. पॅकिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, अक्षरासारखं. सरांचं मी कुठेही ओळखलं असतं.

आता पिनांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. पॅक करताना कप्पे दाबून धरायला तात्पुरत्या पिना लावतात. विसरू नयेत म्हणून प्रत्येकीला लाल फीत. शेवटी सगळ्या काढायच्या. एक जरी आत राहिली तर रिझर्व्ह उघडत नाही… पुढचं सांगायला नको. म्हणून सरांचा नियम — सुरुवातीला आणि शेवटी पिना मोठ्याने मोजायच्या. मी मनातल्या मनात मोजल्या की खेकसायचे, “अरे, लाजतोस काय? उखाणा घ्यायला सांगितलाय का तुला? मोज!”

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सर गेले. फुफ्फुसांचं दुखणं. आयुष्यभर आकाशातून उड्या मारलेला माणूस शेवटी पलंगावरून उतरायलाही दोघांचा आधार घ्यायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी जाणं कमी केलं. हे मला अजून टोचतं.

त्यांची मुलगी रेवती, तीही उड्या मारते. अकराव्या दिवशी म्हणाली, “दादा, रविवारी मी बाबांच्या रिगने उडी मारणार आहे. त्यांची थोडी रक्षा वर सोडायचीय. रिझर्व्हच्या पॅकिंगची मुदत संपलीय. तुम्हीच करा ना… दुसऱ्या कुणाचा हात नको.”

गुरुवारी दुपारी शेडमध्ये एकटाच बसलो. टेबलावर सरांचं रिझर्व्ह पसरलं आणि जे रडू स्मशानात आलं नव्हतं ते तिथे आलं. रडत रडतच पॅक केलं. शेड झाडायला येणाऱ्या पार्वतीकाकू दारातून ओरडल्या, “आवं, रडायचं तर भाईर बसून रडा की! त्या पोरीचा जीव हाय त्यात.” मी डोळे पुसले, दोरा बांधला, शिक्का मारला. मग बाहेर चहा घेऊन आलो. संध्याकाळी रेवती रिग घेऊन गेली. उडी परराज्यातल्या एका धावपट्टीवर होती.

रविवारी सकाळी शेडवर आलो. दुसरं काम होतं. हत्यारांचा कापडी रोल उघडला. पिना चार.

पाच असतात. रोल झटकला, टेबलाखाली आडवा झालो, केराची बादली पालथी केली. चारच. आणि तेव्हा आठवलं, गुरुवारी मी मोजल्याच नव्हत्या. ना आधी, ना नंतर.

रेवतीला फोन लावला. बंद. उडीआधी ती फोन गाडीत ठेवते. धावपट्टीवरच्या ऑफिसात कुणी उचलेना. मी शेडबाहेर बांधावर बसून लावत राहिलो, लावत राहिलो. पार्वतीकाकूंनी विचारलं, “काय झालं वो?” काय सांगणार होतो? सरांच्या मुलीला मी मारलं म्हणून?

साडेअकराला तिचाच फोन आला. “दादा, सोडलं बाबांना. मेन मस्त उघडलं.” मी म्हणालो, “रेवती, त्या रिगने आता उडी मारू नकोस. मला एकदा बघायचंय.” ती म्हणाली, “आत काही राहिलंय का?” मी म्हणालो, “माहीत नाही.”

मंगळवारी ती रिग शेडवर ठेवून गेली. थांबली नाही, माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

शिक्का माझाच होता. खूण माझी, दोरा अखंड. दोरा तोडून एकेक कप्पा उघडला. पिन नाही. आतल्या पिशवीत सरकली असेल म्हणून पिशवी उलटी केली. पिशवीच्या पाठीवर दोऱ्यांच्या घड्या… उजवीकडून डावीकडे.

मी हात मागे घेतला. पुन्हा पाहिलं. घट्ट, एकसारख्या, प्रत्येक वळणाला जराशा तिरक्या. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून पाहिलेल्या घड्या. चूक होणं शक्यच नव्हतं.

फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचारणार. सुचलंच नाही हो! मला फक्त पिन दिसत होती, आणि ती कुठेही असू शकत होती. म्हणून मी घड्या सोडत गेलो. सगळ्या सोडल्या, कापड शिवण शिवण चाचपलं. पिन नव्हती. आणि मग लक्षात आलं की सरांच्या हाताचं जे काही होतं ते मीच उसकटून टाकलं होतं.

पार्वतीकाकूंकडे दुसरी किल्ली असते. त्यांना विचारलं, गुरुवारी मी चहाला गेलो तेव्हा कुणी आलं होतं का? “न्हाई बा. मी हितंच व्हते पायरीवर. आन् येनार कोन? येनारा मानूस तर गेला.” तसंही शिक्का मारायची पकड माझ्या खिशात होती.

एक मित्र म्हणतो, दुःखात तूच नकळत सरांसारखं केलं असशील. पटण्यासारखं आहे. म्हणून मी दुसऱ्या एका पॅराशूटवर तशा घड्या घालून पाहिल्या, एकदा नाही, वीसेक वेळा. माझा हात तिकडे वळतच नाही. शेंबड्या पोराने बांधल्यासारख्या दिसतात. आणि पाचवी पिन? शेड उलटीपालटी केली. आजवर मिळालेली नाही.

रेवतीला सगळं सांगितलं. पिना मोजल्या नव्हत्या, हेसुद्धा. ती पुष्कळ वेळ खाचरांकडे बघत बसली. मग म्हणाली, “बाबा वारले ते वारले, दादा. मला पुढच्या आठवड्यात रिग हवीय. तुम्हीच पॅक करा.”

“माझ्यावर भरवसा आहे?”

“नाहीये,” ती म्हणाली. “पण तुम्हीच करा.”

मी तीन दिवस त्या कापडाला हात लावू शकलो नाही. शेवटी शनिवारी — लाज वाटते सांगायला — मी रिझर्व्ह टेबलावर नीट पसरलं, दोऱ्या सरळ केल्या, रोल आणि पकड शेजारी ठेवली. पार्वतीकाकूंची किल्लीही मागून घेतली. कुलूप लावलं आणि घरी गेलो. भूत न मानणारा माणूस मी, आणि गाडीवरून सूसपर्यंत एकच म्हणत होतो… सर, एवढं एकदा करा.

रविवारी दार उघडलं. कापड जसंच्या तसं पसरलेलं होतं. त्यावर छपराच्या पत्र्यावरची थोडी धूळ पडली होती.

ती पुसली. रेवती दुपारी येणार होती. मी टेबलापाशी उभा राहिलो आणि रिकाम्या शेडमध्ये मोठ्याने मोजायला लागलो.