पुरेशी मेंढरं

नाव : डॉ. सोनिया गुंडा गोरड. पद : सहायक प्राध्यापक, जैवतंत्रज्ञान विभाग. मूळ गाव : तालुका माण, जिल्हा सातारा. संशोधनाचे क्षेत्र : अवर्षणप्रवण प्रदेशातील लहान रवंथी पशूंच्या जठरातील सूक्ष्मजीवांचे टॅनिन-सहिष्णुतेच्या अंगाने अध्ययन. वर्तणूक : समाधानकारक.

वरील वर्णन विट्याजवळच्या आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापलेलं आहे आणि ते खरंच आहे. लहान रवंथी पशू म्हणजे मेंढरू. माणदेशातली मेंढरं उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खातात. त्या शेंगांतल्या तुरट द्रव्यानं दुसऱ्या जनावराचं पोट बिघडलं असतं, यांचं बिघडत नाही. का बिघडत नाही, हे सोनियाबाईंना शोधायचं होतं. बापाच्या कळपातल्या मेंढ्यांच्या तोंडातून नळी घालून पोटातला रस काढायचा, तो कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा, असं त्यांचं काही वर्षं चाललं होतं. कुप्यांवर मेंढ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या : मोरी, काळतोंडी, थोरल्या कानाची. पाहुण्यांना फ्रीजर दाखवताना प्राचार्य त्या चिठ्ठ्या झाकल्या जातील असे उभे राहत.

पुढं दुसऱ्या एका विभागानं फ्रीजरवर हक्क सांगितला, तेव्हा प्राचार्यांनीच तोडगा काढला. संशोधनासाठी बाहेरून अनुदान आलं तर फ्रीजर तुमचा. नाही आलं तर मार्चनंतर तो दुसऱ्या विभागाला. म्हणजे कुप्यांतला रस वितळणार आणि मोरी, काळतोंडीसह सगळं काम मोरीत जाणार.

अनुदानाचे दोन प्रस्ताव दिल्लीहून आधीच परत आले होते. दोन्हींवर तज्ज्ञांचा शेरा एकाच वळणाचा : विषय महत्त्वाचा, आखणी मोघम. मोघम म्हणजे नेमकं काय, हे शेऱ्यातही मोघमच होतं.

मंजूर झालेले प्रस्ताव असतात तरी कसे, ते बघावं म्हणून बाईंनी चार ठिकाणी मागून पाहिले. मंजूर प्रस्ताव मागितला की लोकांच्या कपाटाच्या किल्ल्या हरवतात. एकानं संगणक बदलल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं अभिनंदनाच्या सत्काराचा फोटो पाठवला. शेवटी त्या सांगलीला, विश्रामबागेत, डॉ. वीरधवल माने यांच्याकडे गेल्या. माने कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातले. दोन भाऊ फौजेत, हे प्रयोगशाळेत. उसाच्या रोपांवरच्या त्यांच्या तीन प्रकल्पांना अनुदान मिळालं होतं, आणि आता ते निवृत्त होते.

"प्रस्ताव वाचायला मागणारी तू पहिलीच," माने म्हणाले. "बाकीचे स्वतःचे मला वाचून दाखवायला येतात."

"देऊन टाका हो सगळे," आतून त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या. "कपाटात साड्या ठेवायला जागा होईल."

मान्यांनी तिन्ही मंजूर प्रस्ताव दिलेच, वर नापास झालेले दोनही दिले. मग सोनियाबाईंचा परत आलेला प्रस्ताव घेऊन ते शेजारी बसले. मान्यांच्या मंजूर प्रस्तावांत सगळं होतं : वाफे किती, रोपं किती, कुठल्या महिन्यात काय मोजायचं, रोपं मेली तर काय करायचं. बाईंच्या प्रस्तावात मान्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

"'पुरेशी मेंढरं.' पुरेशी म्हणजे किती?"

"भरपूर, सर."

"वडलांच्यात एकूण किती आहेत?"

"आहेत की... चार-दोन."

"अगं, चार-दोन मेंढरांवर शास्त्र उभं करणार होय? आणि मग सरकारला पैसे द्या म्हणतेस?"

खरं तर चार-दोन नव्हती, चांगला मोठा कळप होता. पण मेंढपाळाच्या घरात मेंढरांचा आकडा तोंडानं सांगत नाहीत, नजर लागते. कुणी विचारलं तर 'हायती चार-दोन, देवाच्या कृपेनं' एवढंच. पीएच.डी. झाली, दिल्लीला निबंध वाचून झाला, आणि प्रस्ताव लिहिताना बाईंचा हात त्याच जागी नकळत आडवळणाला गेला होता. दोन्ही वेळा.

पुढच्याच रविवारी त्या औंधला गेल्या. तिथं एका शेतात खतासाठी गोरडांचा कळप बसला होता. आई भामाबाई चुलीपुढं, वडील गुंडाआबा वाघरीपाशी, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळ्यापाशी.

"आबा, आकडा पायजे."

"कशाचा?"

"मेंढरांचा."

"हायती की चार-दोन."

"तसलंच लिवलं हुतं. दोनदा नापास झाले."

"मग आणखी एकदा हो," आबा म्हणाले. "त्या दिल्लीवाल्यांस्नी माझ्या मेंढरांच्या खांडाचा हिशेब कशाला? ती काय राखाय येणार हायती?"

"आवं, पोरगी सरकारला मागतीया, तुमाला न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "लय अडून बसू नगासा. तिच्या त्या थंड पेटीतलं सगळं वाया जाईल."

"वाया म्हंजे? ह्यो सगळा वखुत नळ्या घातल्या त्या?"

"व्हय, आबा."

आबांनी तंबाखू मळली. मळून झाल्यावरही बराच वेळ ते मळतच राहिले. मग उठून गेरूचं डबडं घेऊन आले.

"ह्यातली तुला पायजेत ती धर अन् पाठीला गेरू लाव. गेरू लावलेली आजपास्नं तुझी. माझी न्हाईत. तुझी तू मोज, कुणालाबी सांग."

"आबा, तसं नको..."

"मोठ्यानं मोजू नगंस तेवढं. बाकीची ऐकतील."

ते पाठ फिरवून औंधच्या यमाईच्या डोंगराकडं तोंड करून बसले, मोजणी होईपर्यंत. बाईंनी चाळीस मेंढ्यांना गेरू लावला. आईनं धरून दिल्या. त्यातल्या दोन-तीन आबांच्या सगळ्यात लाडक्या होत्या, हे आईनं नंतर सांगितलं.

"एखादं मेलं तर काय करू, आबा? तेबी लिवायला लागतंय."

"मेलं तर दुसरं दीन. त्यात काय लिवायचं?"

प्रस्तावात हे वाक्य असं गेलं : 'अभ्यासगटातील पशू दगावल्यास त्याच कळपातून पर्यायी पशू उपलब्ध करून देण्यास पशुपालकाची संमती आहे.' मान्यांनी मसुदा वाचला आणि फक्त एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

अनुदान फेब्रुवारीत मंजूर झालं. फ्रीजर जागेवर राहिला. प्राचार्य आता पाहुण्यांना चिठ्ठ्या वाचून दाखवतात.

सोनियाबाई पेढे घेऊन सांगलीला गेल्या, तेव्हा मान्यांचे पाचही प्रस्ताव परत देताना त्यांनी आपले तीन खाली ठेवले : एक मंजूर, दोन नापास. पुढं कुणी मागायला आलं तर सगळे एकत्र द्या, म्हणाल्या. लीलाबाईंनी कपाटाकडे बघितलं. सोनियाबाई दोघांच्या पाया पडल्या. आबांच्या पाया पडायला मात्र त्यांना फलटणच्या रस्त्यापर्यंत जावं लागलं. कळप पुढं सरकला होता. "कशाबद्दल?" आबांनी विचारलं. बाईंनी पेढ्यांचा पुडा पुढं केला. आबांनी डोक्यावरनं हात फिरवला आणि चहा ठेवायला सांगितला.

प्रकल्पाच्या पहिल्या सहामाही प्रगती अहवालात 'अभ्यासगटातील पशूंची संख्या : चाळीस, स्थिर' अशी नोंद आहे. त्यातल्या बऱ्याच मेंढ्या अहवाल निघायच्या आतच व्यायल्या; कोकरं किती, ते अहवालात नाही.