ज्या सीटवर कुणी बसायचं नव्हतं

"कोई बैठा तो नहीं उस पर?" चावला सरांनी फोनवर विचारलं.

"नहीं सर."

"आप भी मत बैठना, इनामदार जी."

मी न्यूरेंबर्गच्या स्टेशनवर उभा होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझ्या शेजारी एका छोट्या हातगाडीवर, पट्ट्यांनी करकचून बांधलेली, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कारची ड्रायव्हर-सीट होती. वजन एकोणीस किलो. येणारे-जाणारे आधी सीटकडे बघायचे, मग माझ्याकडे.

फरीदाबादच्या ज्या कंपनीत मी क्वालिटी बघतो, तिथे आम्ही वर्षानुवर्षं सीटचा नुसता फोम बनवत होतो. अख्खी सीट पहिल्यांदाच केली होती, एका जर्मन क्लायंटसाठी. ती आधी विमानाने त्यांच्या न्यूरेंबर्गच्या ऑफिसात आली आणि तिथल्या लोकांनी दोन दिवस तिच्याभोवती फिरून मान डोलावली. आता कासेल नावाच्या शहरातल्या लॅबमध्ये तिचा एच-पॉइंट मोजायचा होता. एच-पॉइंट म्हणजे माणूस सीटवर बसला की त्याचा खुबा नेमका जिथे येतो तो बिंदू. स्टीअरिंग, आरसे, बेल्ट या सगळ्यांची मापं त्यावरून ठरतात. तो चुकला तर सीट नापास, आणि सीट पास झाल्याशिवाय फरीदाबादची नवी असेंब्ली लाइन सुरू होणार नव्हती. लाइनवरची माणसं दोन महिने ट्रेनिंग घेऊन तयार बसली होती.

क्लायंटच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, सॅम्पल न वापरलेलं हवं. चावला सरांनी त्याचा अर्थ काढला की फोम एकदाही दबता कामा नये. ते आमचे प्लांट हेड. त्यांनी फरीदाबादमध्येच सीटवर कागद चिकटवला होता : डू नॉट सिट. दिल्लीहून निघताना कार्गोच्या हमालांनाही त्यांनी व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं.

लॅबची वेळ दुपारी चारची होती. ती चुकली तर पुढची पाच आठवड्यांनी. क्लायंटची व्हॅन सीट घेऊन जाणार होती, पण सकाळी ती सुरूच झाली नाही. तिथल्या माणसाने मला ट्रेनचं तिकीट आणि हातगाडी दिली आणि म्हणाला, दोन तासांचा प्रवास आहे, अगदी सोपा.

पहिल्या ट्रेनमध्ये माझं रिझर्व्हेशन होतं. हातगाडी मी दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभी केली. पाच मिनिटांत टीसी आला. उंच, शांत माणूस, इंग्रजी उत्तम.

"हे वाटेत ठेवता येणार नाही," तो म्हणाला.

"मग कुठे ठेवू?"

"सामानाच्या रॅकवर."

आम्ही दोघांनी रॅककडे पाहिलं. तिथे जेमतेम एक सूटकेस मावली असती.

"हे काय आहे?"

"सीट."

"मग ती सीटवर ठेवा."

तो थट्टा करत नव्हता. त्याने स्वतः हात लावला आणि आम्ही कारची सीट माझ्या रिझर्व्ह केलेल्या जागेवर चढवली. तिने माझी जागा पूर्ण व्यापली. टीसीने माझं तिकीट तपासलं, जागेचा नंबर पाहिला आणि समाधानाने पुढे गेला. मी दोन्ही हातांनी तिची पाठ धरून शेजारी उभा राहिलो. पलीकडच्या बाकावरच्या छोट्या मुलीने आईला काहीतरी विचारलं. आईने तिला खिडकीबाहेरच्या गाई दाखवल्या.

वुर्त्सबर्गला सगळ्यांना उतरवलं. पुढे वादळाने रुळावर झाड पडलं होतं. दुसऱ्या मार्गाने जाणारी एक ट्रेन होती, डबे तीन, आणि आमच्या ट्रेनमधली सगळी माणसं तिच्यातच चढायची होती. प्लॅटफॉर्म दोनदा बदलला. दोन्ही वेळा लिफ्टपाशी रांग होती, म्हणून एकोणीस किलो मी जिन्यावरून नेले. दुसऱ्यांदा एका सायकलवाल्याने खालून आधार दिला. आधार देताना त्याचा हात गादीवर दाबला जात होता. मी नको नको म्हणत होतो आणि तो समजत होता की मी भिडेपोटी म्हणतोय.

या ट्रेनमध्ये रिझर्व्हेशन वगैरे काही नव्हतं. मी सीट दारापाशी ठेवली. आजूबाजूला निदान तीस माणसं उभी, आणि मधोमध एक रिकामी, नवी कोरी, गुबगुबीत सीट. मी तिच्यापुढे पहारेकऱ्यासारखा उभा.

माझ्या समोर एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. हातात काठी, डाव्या गुडघ्यावर पट्टा. आतल्या डब्यात शिरायलाही वाट नव्हती. त्यांनी सीटकडे पाहिलं आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, "मी बसू का?"

"सॉरी, यावर बसता येत नाही."

"मोडली आहे?"

"नाही. नवीन आहे."

"मग ती कशासाठी आहे?"

"टेस्टसाठी. माणूस कसा बसतो ते मोजायला."

"पण माणसाने बसायचं नाही."

"टेस्ट होईपर्यंत नाही."

त्यांनी हे शेजारच्या माणसाला जर्मनमध्ये सांगितलं. त्याने मागच्याला सांगितलं. ते वाक्य डब्यात लांबपर्यंत जाताना मला ऐकू येत होतं. सगळ्यांनी सीटभोवती थोडी जागा सोडली, एवढंच.

पाऊण तासाने ट्रेन शेतांच्या मध्ये थांबली. पुढचा रूळ मोकळा व्हायचा होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या आणि डाव्या पायावरचा भार सारखा उजव्यावर घेत होत्या. माझेही पाय दुखत होते, पण मी एक्कावन्नचा. मी फोन काढला. नेटवर्क नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. नेटवर्क असतं तर मी विचारलं असतं, आणि चावला सर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं.

मी लाइनवरच्या माणसांचा विचार केला. नंतर असाही विचार केला की या आजींच्या जागी माझी अम्मी उभी असती तर या डब्यातल्या सीटवाल्या माणसाला मी काय म्हटलं असतं. मी 'डू नॉट सिट'चा कागद काढून खिशात घातला, हातगाडीचं चाक पायाने अडवलं आणि म्हणालो, "बसा."

"आणि तुमची टेस्ट?"

"बघू."

त्या अगदी जपून बसल्या, जणू फुटेल म्हणून. दोन मिनिटांनी टेकल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "कमरेपाशी जरा टोचतं." सवयीने मी वहीत लिहून घेतलं. मग त्या झोपल्या. ट्रेन सुरू झाली तरी जाग्या झाल्या नाहीत. उरलेला सव्वा तास मी त्यांचं घोरणं ऐकत होतो आणि लॅबमध्ये काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. कुणी बसलं नाही, असं सांगता आलं असतं. फोमवर काही दिसत नव्हतं. पण चुकीचं माप निघालं असतं तर तो दोष आमच्या फोमवर गेला असता, आणि तो फोम मी स्वतः पास केला होता.

चार वाजून पाच मिनिटांनी मी लॅबच्या दारात पोचलो. केलर नावाच्या इंजिनिअर बाई हातात फॉर्म घेऊन उभ्या होत्या. पहिलाच प्रश्न : "या सीटवर आधी कुणी बसलंय?"

"हो," मी म्हणालो. "ट्रेनमध्ये एक वयस्कर बाई. दीड तास. दुसरा इलाज नव्हता."

"वजन किती?"

"विचारलं नाही. पन्नास किलो असेल."

"मग ते पुरेसं नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवून दाखवलं. सीट कोरी असेल तर मोजण्याआधी तिच्यावर सत्तर ते ऐंशी किलोच्या माणसाने दोनदा, एकेक मिनिट बसायचं. फोम थोडा सैल व्हावा म्हणून. न दबलेल्या फोमवर माप बरोबर येतच नाही.

"तुमचं वजन?" त्यांनी विचारलं.

"त्र्याहत्तर."

"मग बसा."

मी बसलो. सकाळपासून पहिल्यांदा. त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. मिनिट संपल्यावर उठलो, पुन्हा बसलो. दुसऱ्या वेळी मिनिट कधी संपलं ते मला कळलं नाही. केलर बाईंनी खांद्याला हात लावून उठवलं. मग नियमाप्रमाणे अर्धा तास सीट रिकामी ठेवायची होती. त्यांनी मला एक लाकडी स्टूल दिलं.

एच-पॉइंट चार मिलिमीटरने सरकलेला निघाला. पंचवीसपर्यंत चालतो. सीट पास झाली.

मी चावला सरांना रिझल्ट कळवला आणि दोनदा बसण्याचा नियमही सांगितला. "ये लिखा कहाँ था?" त्यांनी विचारलं.

ते ईमेलच्या अटॅचमेंटमध्ये होतं. सहा पानांची पीडीएफ, हा नियम दुसऱ्या पानावर. ती ईमेल आम्हा अकरा जणांना आली होती. अकराही जणांनी उत्तरात 'नोटेड' लिहिलं होतं, त्यात मीही होतो. तेव्हापासून मी अटॅचमेंट उघडल्याशिवाय 'नोटेड' लिहीत नाही. त्यामुळे माझी उत्तरं उशिरा जातात, आणि यंदाच्या अप्रेझलमध्ये ते माझ्याविरुद्ध लिहिलं गेलं आहे.