गादीवालीने हौद वाटला

बसच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे गादीवाली म्हणायचे, आणि तिच्या नवऱ्याला शिडी. तो त्याच आवारात बसचे सांगाडे जोडणारा वेल्डर. इतका उंच, की स्वतः जोडलेल्या बसमध्येही मान तिरपी करूनच शिरायचा. मूलबाळ नव्हतं. सुट्टी मिळाली की तंबू उचलायचा आणि कुठल्यातरी पाण्याकाठी जाऊन ठोकायचा, हा दोघांचा एकच शौक. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, जमिनीवर झोपणं जिवावर यायला लागलं, तेव्हा त्यांनी घरामागच्या शेडमध्ये गाडीमागे ओढायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची एक खोलीच, बांधायला घेतली.

अडचण उंचीची होती. शेडचं दार बुटकं, ओढायची गाडी लहान, आणि शिडी तो शिडीच. छत वर नेलं तर ट्रेलर दारातून निघणार नाही, नाही नेलं तर नवरा जन्मभर वाकलेला.

"मग जमीन खाली नेऊ," तो म्हणाला.

चाकांच्या मागे, दारापासून शेगडीपर्यंत, त्याने सांगाड्याखाली लोखंडी चौकट लटकवली आणि तेवढाच पट्टा हातभर खाली घेतला. त्याला तो हौद म्हणायचा. हौदात उभा राहून तो ताठ मानेने चहा करायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. बाकीची करामत तिची. हौदाच्या दोन्ही अंगांना बाकं, बाकांच्या पोटात कपडे. मधलं टेबल पाय दुमडून खाली बसवलं की हौदाला झाकण, त्यावर बाकांवरच्या गाद्या सरकवल्या की पलंग. आत चढायची पायरी ओढली तर भांड्यांचा खण. गाद्यांची निळी खोळ तिने कारखान्यातल्या मशीनवर शिवली, कडेची गोट मात्र हाताने घातली.

दोन उन्हाळे ते फिरले. मग एका सकाळी शिडीच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घर माणसांनी भरलेलं असतानाच दीर जवळ येऊन बसला. तो जुन्या गाड्या विकायचा. बोलणं असं, की ऐकणाऱ्याने आपल्याच खिशातला रुमाल त्याच्याकडून विकत घ्यावा.

"वहिनी, ट्रेलर शेडमध्ये पडून गंजेल. मी नेऊन ठेवतो. तुम्ही म्हणाल तेव्हा दारात आणून उभा करतो."

कोण काय बोलतंय याचंच तिला भान नव्हतं. तिची मान हलली, एवढंच.

थंडी सरल्यावर तिने ट्रेलर मागितला. आधी टायर बदलायचे होते, मग त्याला वेळ नव्हता, मग तो फोनच उचलेना. शेवटी ती त्याच्या घरी जाऊन धडकली. फाटकाच्या आत कुत्र्याचं खोपटं होतं आणि कुत्रं निळ्या गादीवर पसरलं होतं. कडेची गोट त्याने चावून चावून सोडवली होती.

"अहो, ह्यांनी आतलं सगळं नवीन करून घेतलं," जाऊ दारातूनच म्हणाली. "लोक बघायला येतात ना आता."

"कोण लोक?"

जावेने आत वळून नवऱ्याला हाक मारली. दीर बाहेर आला. तो असे ट्रेलर बनवून विकणार होता. जागा बघितली होती, लोखंड सांगितलं होतं. धरणाकाठी दर वर्षी हौशी ट्रेलरवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे नोंदणी सुरू करणार होता. फलकही तयार होता. त्यावर त्याचा हसरा फोटो, आणि खाली 'माझी स्वतःची रचना'.

"भावोजी, माझी वस्तू परत द्या."

"भावाची वस्तू भावाकडे राहिली, त्यात बिघडलं काय? तुम्ही एकट्या कुठे फिरणार?"

"आणि हौद? तो तुमच्या डोक्यातून निघाला?"

"कल्पना हवेत असतात, वहिनी," तो हसून म्हणाला. "कुणाच्या बापाच्या नसतात."

ती उलट पावली परतली. रस्ताभर रडली नाही. कुत्र्याच्या तोंडातला तो निळा धागा डोळ्यांपुढून हलत नव्हता आणि अंगाची नुसती लाही होत होती.

बहीण म्हणाली, "भांडशील कशी? ट्रेलरची कागदपत्रं दिराच्याच नावावर आहेत. तो गाड्यांच्या धंद्यातला, म्हणून तुझ्या नवऱ्यानेच कागदांचं सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. सोडून दे आता."

"सोडायला मी धरलंय कुठे? धरून तो बसलाय."

"मग काय करणार आहेस?"

"तो म्हणाला तेच खरं करून दाखवणार."

कारखान्यातल्या म्हाताऱ्या फोरमनला तिने वेल्डिंग शिकवायला लावलं. तिचे पहिले सांधे बघून तो म्हणाला, "हे काय, मुंग्यांची रांग?" तिने ते तोडले आणि पुन्हा जोडले. हातावर ठिणग्यांचे डाग पडले. त्या वर्षी थंडी कडक होती, पण शेडमध्ये तिला शेगडी लागली नाही. राग पुरत होता. पट्टी कापताना दिराचं तोंड उतरलेलं कसं दिसेल हे ती मनात रंगवायची, आणि करवत सरसर चालायची.

नवा ट्रेलर पहिल्यापेक्षा आखूड झाला. ती ठेंगणी असल्याने हौदही उथळ पुरला. पहिल्यांदा त्यात उभी राहिली तेव्हा डोक्यावर वीतभर जागा उरली. त्या रिकाम्या जागेकडे बघत ती थोडा वेळ थांबली, मग बाहेर येऊन पुढच्या कामाला लागली.

पुढचं काम कागदाचं होतं. सीट शिवायची तर आधी खाकी कागदावर पुऱ्या मापाचं कटिंग काढायचं, ही तिची रोजची सवय. तसंच तिने हौदाचं काढलं, फक्त लहान करून, मापं लिहून. चौकट कुठे लटकवायची, गतिरोधकावर अडकू नये म्हणून पुढची कड किती तिरपी ठेवायची, पाणी जायला भोक कुठे, टेबल झाकण कसं होतं, सगळं. मग त्याच्या भाराभर प्रती काढल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लिहिलं: 'रचना शिडी वेल्डरची. नक्कल करायला मनाई नाही.'

मेळाव्यात दिराने झाडाखालची मोक्याची जागा धरली होती. तिने आपला ट्रेलर बरोबर त्याच्यासमोर लावला, दोन खांबांना दोरी बांधली आणि चिमटे लावून कागद टांगले. लोक आधी दिराकडे जायचे, फलक वाचायचे, मग वळून तिच्याकडे यायचे.

"हे केवढ्याला?"

"फुकट. घेऊन जा. घरी वेल्डर नसेल तर गावातल्या कुणालाही दाखवा, जमेल."

ती त्यांना हौदात उभं करायची, टेबल खाली बसवून दाखवायची. दुपारपर्यंत तिच्यासमोर रांग लागली आणि दिराकडे माश्या.

तो आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा गोड नव्हता.

"वहिनी, लोखंड येऊन पडलंय माझं. माणसं ठेवलीत. तुम्ही पोटावर पाय आणताय."

"कल्पना हवेत असतात ना, भावोजी? मी फक्त खिडकी उघडली."

"घरातली भांडणं अशी चव्हाट्यावर..."

"तुम्हालाही हवा का एक कागद? मग रांगेत या. ही माणसं तुमच्या आधीपासून उभी आहेत."

रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं. दिराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हिवाळाभर रंगवलेलं तोंड शेवटी तिला दिसलं, आणि मनात होतं त्याहून ते चांगलं होतं. तिने ते मनसोक्त बघून घेतलं.

नोंदणी केलेल्यांनी हळूहळू माघार घेतली. महिन्याभरात जाऊ तिच्याकडे येऊन रडली, मुलांचं काय होणार म्हणाली. गादीवालीने तिला चहा दिला, पोरांसाठी खाऊ दिला. जावेची दया आली तिला. दिराची शोधूनही सापडली नाही.

पुढे धंदा गुंडाळावा लागला, ट्रेलर कुणी घेईना, तेव्हा दीर स्वतःच तो परत घेऊन आला. तिने त्याला बसायला सांगितलं नाही. हातात पाना दिला, त्याने आत बसवलेली रेक्झिनची बाकं त्याच्याकडूनच खोलून घेतली आणि त्याच्याच गाडीत भरायला लावली. तो घामाघूम होईपर्यंत ती शेडच्या दारात उभी होती.

"झालं समाधान?" फोरमनने नंतर विचारलं.

"अर्धं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ती पुन्हा मेळाव्याला गेली. मैदानात ठिकठिकाणी हौदवाले ट्रेलर उभे होते, लोक तिला हाक मारून आपापला हौद दाखवत होते. दिराची झाडाखालची जागा मात्र रिकामी होती. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. कागद टांगून झाल्यावरही, फाटकातून नवी गाडी आत शिरली की ती बोलता बोलता थांबायची आणि मान उंचावून चालवणाऱ्याचं तोंड बघायची.