हवालदाराला शिकवलेला कायदा

वकील जमले की किस्से निघतातच. बाकीच्यांचे अशिलांचे असतात. माझे सगळे एकाच सुट्टीतले, आणि सांगताना अजून अंगावर काटा येतो.

दारूबंदी नुकतीच लागू झाली होती. पोलिसांनी झडती कशी घ्यावी यावर निबंध लिहायला मी आणि दामले, लॉ कॉलेजातले दोन दीडशहाणे, भोर-वेल्ह्याला निघालो. दामले वर्गात पहिला!

*

कामथडीला हवालदाराने एसटी अडवली. एकेकाची बाटली उघडून तो हुंगत होता. एका म्हातारीची तर त्याने चक्क तोंडाला लावली.

"आरं बाबा," म्हातारी म्हणाली, "ते गुडघ्याला चोळायचं हाय."

*

उत्रोलीत एक तात्या भेटले. निम्म्या तालुक्याच्या झडत्यांना साक्षीचे पंच तेच.

"झडतीत काय काय बघितलंत?"

"म्या कशाला जातोय? कागूद घरी येतो, अंगठा देतो."



*

पासलीच्या वरच्या धनगरवाड्यात आमचे कोट बघून एक बाई मडकी उलटी करून दाखवायला लागली. आम्ही तोंडही उघडलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या नवऱ्यावर, भिकूवर, दारूची केस होती. "झडतीच झाली न्हाई वो. वाटंवरनं उचललं. मालक आत गेलं तर मेंढरं कोण राखंल? आमी संपलो."

*

भोरच्या चौकीत तोच हवालदार! भिकूचा पंचनामा मागितला, तर म्हणाला, "तिकडे वर पंचच मिळाले नाहीत."

दामले खुलला. पंचनाम्याशिवाय खटला कसा कोसळतो, पंच प्रतिष्ठित आणि शिकलेले का हवेत, यावर त्याने पाऊण तास व्याख्यान झोडलं. हवालदाराने मान डोलावत ऐकलं, चहा पाजला आणि कागद पुढे केला. "शिकलेली माणसं येऊन गेली, साहेबांना दाखवायला सही द्या." दामलेने लफ्फेदार सही ठोकली. दौतीतली शाई संपली म्हणून माझी राहिली.

*

महिन्याभराने दामलेला भोर कोर्टाचं समन्स आलं. पंच म्हणून!

भिकू पिंजऱ्यात उभा. त्याच्या बायकोने दामलेला ओळखलं, हात जोडले. "आपलंच सायब हायती. आता सुटलं मालक." मी मागच्या बाकावर मान खाली घातली.

सरकारी वकिलांनी पंचनामा वाचला. भिकूची घोंगडी, घोंगडीत बाटली, बाटलीला वास. खाली दामलेची सही.

"सही तुमचीच?"

"हो."

"सही करताना समोर काय पाहिलंत?"

आमच्या वर्गातला पहिला नंबर पांढराफटक पडला होता. त्याने एकदा भिकूकडे पाहिलं.

"साहेब, कोरा कागद."