ताईच्या घरामागची भर

बावीस वर्षं तो डंपर चालवत होता. इमारतीच्या पायासाठी खणलेली माती आणि पाडकामाचा राडारोडा भरायचा आणि मुकादम सांगेल तिथे ओतून यायचं, हे त्याचं काम. त्या सकाळी मुकादमाने नवी जागा सांगितली. ती सखल जागा त्याच्या थोरल्या बहिणीच्या घराला लागून होती. अख्ख्या गल्लीचं पावसाचं पाणी तिथेच जाऊन मुरायचं.

"साहेब, तिथे भर टाकली तर पाणी लोकांच्या घरात शिरेल," तो म्हणाला.

"तू ड्रायव्हर आहेस की इंजिनियर?" मुकादम हसला.

त्याने डंपरची किल्ली टेबलावर ठेवली. मुकादमाने ती तिथल्या तिथे दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली.

दुपारी तो ताईकडे पोचला, तोवर पाच डंपर रिकामे झाले होते. मातीने मागची खिडकी अर्धी झाकली होती. ताई दारातच उभी होती.

"तू नाही ना रे टाकलीस?"

"नाही गं, ताई."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याला पाणी दिलं, पण त्याने पेला तसाच खाली ठेवला. आजवर किती घरांमागे त्याने माती ओतली होती, आणि तिथे कोण राहतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"चल, पाऊस यायच्या आत सामान माळ्यावर चढवू," तो म्हणाला आणि त्याने धान्याचा डबा उचलला.